ब

पहाटे धक्क्यावरून मेर्लूसा घ्यायचा,
टोपली काखेत, आणि पावणेसातला त्या डब्यात शिरायचं.
वालपराइसोच्या टेकड्यांना पायऱ्याच इतक्या
की इथं माणसाचं वय गुडघ्यांवरून ओळखतात.
म्हणून हा लाकडी डबा,
तिरक्या रुळांवर तारेनं ओढलेला.
खालून वर ऐंशी सेकंद.
वरून खाली ऐंशी सेकंद.
दिवसभर चढूनही संध्याकाळी होता तिथंच.

वर खिडकीत बाल्तासार, नाणी घ्यायला.
नावच त्याच्या मुळावर आलेलं.
ब म्हणायचा तर ओठ मिटावे लागतात,
आणि याचे एकदा मिटले की
आत शब्द दार ठोठावत बसायचा.
मानेची शीर ताठ. डोळे घट्ट.
रांगेत कुणी खोकायचं,
कुणी मायेनं त्याचा शब्द पुरा करून टाकायचं.
(त्याचाच राग जास्त यायचा,
हे त्यानं मला फार पुढं सांगितलं.
पुरा करणाऱ्यांत मी पहिली होते.)

आमच्या भाषेत सकाळचा नमस्कारही ब नेच सुरू होतो.
म्हणून तो नुसती मान हलवायचा.
सतरा वर्षं.

मग त्याची आई गेली.
कचेरीत बाईनं नाव विचारलं, लिहिणाऱ्या मुलाचं.
ब काही सुटेना. उरलेलं सुटलं.
दाखल्यावर छापून आलं: अल्तासार.
तो कागद त्यानं चौपदरी घडी घालून
शर्टाच्या खिशात ठेवला,
आणि घरी जाऊन जेवला नाही.

खिडकीमागं तारेचं मोठं चाक फिरतं.
त्याच्या घरघरीत कुणाचं काही ऐकू जात नाही.
तिथं त्यानं सुरू केलं.
आधी आवाजसुद्धा नाही.
ओठ मिटायचे, सोडायचे.
गरम रश्श्यावर फुंकर घालावी, तेवढंच.
तीन महिने नुसती फुंकर.
मग चाकाला एक ब.
मग शाळेच्या पोरांतल्या एकाला,
कारण पोरांना शाळेची घाई नसते.
दिवसाला एकच माणूस.
जमलं तरी एकच, फसलं तरी एकच.
जमलं त्या दिवशी थांबणंच अवघड, म्हणतो.

दुसऱ्या हिवाळ्यात तार पिचली.
डबा अकरा आठवडे बंद, हा घरी.
परत आला तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली,
होतं नव्हतं ते गेलेलं.
चाकापाशी उभा राहिला. पुन्हा ओठांपासून.
फुंकरीला या खेपेला वीस दिवस पुरले.
का, ते त्याला सांगता येत नाही.
मलाही नाही.

मला तर काहीच दिसलं नव्हतं.
रोज बघत होते ना, म्हणून.
त्या सकाळी मी कोळ्याशी भांडून आलेले,
वजनात मारलं होतं त्यानं मला.
नाणं सरकवलं.
"बुएनोस दीआस, दोन्या एदुविहेस."
"कसले बुएनोस," म्हटलं, आणि निघाले.
तिसऱ्या पायरीवर टोपली खाली ठेवली.
वळून पाहिलं.
तो पुढच्याचे सुटे मोजत होता,
कान तेवढे लाल.

आता बोलतो. खूप नाही.
फोनवर अजून अडतो,
पावसाळी हवेत जास्त.
दाखला मी म्हटलं दुरुस्त करून घे.
तर म्हणाला, राहू दे,
सतरा वर्षं नोकरी अल्तासारनंच केली,
त्याच्या नावाचा एक तरी कागद असावा.

काल विचारलं, मासा कुठला घेऊ?
तो सांगायला लागला आणि ओठ मिटले.
मला ठाऊक होतं कुठला.
जिभेवर आलेलं मी गिळलं.
मागं डबा रिकामा झाला, पुन्हा भरला,
टोपलीतलं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत राहिलं,
आणि मी थांबले.